तारांगणात विसरलेली आत्या

मी माझी सख्खी आत्या तारांगणात विसरून आलो.

लोक छत्री विसरतात, जेवणाचा डबा विसरतात, फार तर चष्मा विसरतात. मी एक अख्खी बाई विसरलो. पंचाहत्तरीची, नऊवारीतली, खांद्यावर काळी घोंगडी घेतलेली. आणि हे माझ्या लक्षात कधी आलं? तर दुसरी पोळी संपवून तिसरीला हात घातल्यावर. माझी नोकरी सांगितली तर आणखी हसाल. वाळूजच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. हजारात एक वाकडा बोल्ट असला तरी भानुदासच्या नजरेतून सुटत नाही, असं आमचे साहेब म्हणतात. साहेबांना अजून हे आत्याचं प्रकरण कळलेलं नाही.

गूढ अनुभवांवर माझा कधीच विश्वास नव्हता. इथं ग्रुपवर कुणी आपला अनुभव टाकला की खाली "भाऊ, पित्त झालं असेल" किंवा "घरातलं वायरिंग तपासा" असं लिहिणारा जो आगाऊ माणूस असतो ना, तो मीच. एका ताईंना तर मी जंतांचं औषध सुचवलं होतं... त्यांची माफी मागून सुरुवात करतो. आज माझी पाळी आहे. करा काय करायच्या त्या कमेंट.

जागा सांगतो. आमचं छत्रपती संभाजीनगर. शहरातलं एक विज्ञान केंद्र, ज्यात सगळं हाताळून बघायचं असतं, आणि त्याला लागून एक गोल घुमटाचं छोटं तारांगण. नाव मुद्दाम देत नाही, कारण तिथल्या मॅडम फार भल्या आहेत आणि त्यांच्या दारात उद्या घोंगड्यांची रांग लागायला नको. वेळ भर दुपारची. दिवाळी होऊन चारेक आठवडे झाले होते, शनिवार होता. आम्ही चौघं — मी, बायको सुनंदा, नववीतली लेक ईश्वरी, आणि सोनाआत्या.

आत्याबद्दल थोडं सांगायला हवं. आमचं घराणं मेंढरं राखणाऱ्यांचं. आत्या राहते देवगाव रंगारीजवळच्या खेड्यात. "पोलीस अ‍ॅक्शन झाली तवा मी रांगत व्हते," एवढाच तिचा जन्मदाखला, म्हणजे अठ्ठेचाळीस सालचा. चाळीस वर्षं तिनं कन्नडच्या डोंगरापासून खाली लासूर स्टेशनपर्यंत मेंढरं फिरवली. लोकांच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायची, आणि आपण त्यांच्या कडेला उघड्यावर पडायचं. उजवा डोळा लहानपणीच बाभळीच्या काट्यानं गेला. राहिलेल्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. तो इतका पिकला होता की तीन वर्षांपासून तिला फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळायचं.

सोमवारी ऑपरेशन ठरलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं. आत्यानं नाही.

"एकच हाये मपल्याकडं," ती म्हणायची. "त्योबी डाक्टरच्या हवाली करू? गेला मंग?"

"आत्या, डॉक्टर म्हणालेत, आणखी सहा महिने थांबलो तर उजेडही कळायचा नाही."

"आन् बघायचं काय ऱ्हायलंय? सोमवारी मला कन्नडच्या यष्टीत बसवून दे, झालं."

तर हा पेच होता. माझ्या सुपीक डोक्यातून निघालं की विज्ञान केंद्रात डोळ्याचं मोठं मॉडेल आहे, ते आत्याच्या हाताला दाखवू. मोतीबिंदू म्हणजे काय, भिंग कसं बदलतात, हे तिला बोटांनी कळलं की भीती जाईल. सुनंदा म्हणाली, "अहो, तुम्ही समजवायला गेलात की ऐकणारं माणूसही ऐकेनासं होतं." मी दुर्लक्ष केलं. लग्नाला अठरा वर्षं झाली, तेवढी सवय आहे.

गेल्या गेल्या मी आत्याला त्या मॉडेलपाशी नेलं. चांगलं फुटबॉलपेक्षा मोठं, एक बाजू उघडी, मध्ये काचेचं भिंग. "हे बघ, हे असं हलकेच फिरतं..." म्हणत मी ते फिरवलं. शेजारी 'एकच वळसा द्यावा' अशी पाटी होती. ती मी नंतर वाचली. दुसऱ्या वळशाला खटकन आवाज आला आणि अख्खं भिंग निघून आत्याच्या तळहातावर आलं.

आत्यानं ते चाचपलं, तोललं, आणि शांतपणे मला परत दिलं. "पाह्यलंस? हात लावला की निघतंय."

ऑपरेशनची बाजू मी तिथंच हरलो.

तिथल्या मॅडम धावत आल्या. मॅडम कसल्या, पंचविशीतली पोरगी. पल्लवी मॅडम म्हणू. मला वाटलं, आता दंड. तर त्या हसून म्हणाल्या, "सर, दर शनिवारी एक जण काढतोच," आणि त्यांनी ते दोन मिनिटांत बसवलंही. मग त्यांनी आम्हाला बाहेरच्या अंगणात सावलीच्या घड्याळाकडं नेलं. माझ्यापासून वस्तू वाचवायला नेलं असावं.

तिथं आत्या उन्हात उभी राहिली आणि ईश्वरीला म्हणाली, "मपल्या सावलीच्या डोक्यापाशी खडा ठिव. आन् मला हात धरून तिथवर चालव, पावलाला पाऊल लावून." ईश्वरीनं चालवलं. आत्यानं पावलं मोजली आणि म्हणाली, "सावली पार आटायला अजून एक तास हाये. म्हंजी अकरा वाजले."

मी मनगट पुढं केलं. मला असल्या संधी सोडवत नाहीत. "अकरा वीस, आत्या. वीस मिनिटं मागं आहेस."

मॅडम सावलीच्या घड्याळावर वाकल्या होत्या. त्या सरळ झाल्या, आणि त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला माझं घड्याळ खिशात घालावंसं वाटलं. "सर, हेही अकराच दाखवतंय. आपलं मनगटावरचं घड्याळ सगळ्या देशासाठी एकच वेळ सांगतं, ती पार पूर्वेकडची वेळ आहे. आपल्याकडं सूर्य उशिरा डोक्यावर येतो. या दिवसांत साधारण वीस-बावीस मिनिटं. आजी बरोबर आहेत. संभाजीनगरच्या सूर्यानुसार आत्ता अकराच वाजलेत." मग त्यांनी आत्याचा हात हातात घेतला. "आजी, हे कुणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात? मेंढरांला घड्याळ व्हतं व्हय?"

खरं सांगतो, त्या जागेचं मला तेव्हापासून कौतुक वाटायला लागलं. पोरं सायकल मारून बल्ब पेटवत होती. दूर दूर उभ्या केलेल्या दोन मोठ्या थाळ्यांशी तोंड नेऊन कुजबुजत होती, आणि पलीकडच्या पोराला ते ऐकू जात होतं. कुठं "हात लावू नका" नाही. मी लहान असताना आमच्या शाळेत एकच भिंग होतं आणि ते हेडमास्तरांच्या कपाटात असायचं, कुलूप लावून. ईश्वरी तर मॅडमना सोडायलाच तयार नव्हती.

बाराचा तारांगणाचा खेळ आम्ही धरला. दारातून आत गेल्यावर डाव्या हाताला तिसरी रांग, भिंतीकडून दुसरी खुर्ची — तिथं आत्या बसली. शेजारी मी. खुर्च्या मागं कलणाऱ्या. भिंती काळ्या, खुर्च्या काळ्या, आणि आत्याची घोंगडीही काळी. हे नीट लक्षात ठेवा, माझ्या बचावाचा हा एवढाच मुद्दा आहे.

मॅडमनी आधी शहराचं आभाळ दाखवलं, मोजून दहा-बारा चांदण्या. "आता शहरातले सगळे दिवे मी विझवते," असं म्हणून त्यांनी एक कळ दाबली आणि घुमटभर चांदणं सांडलं. सगळं सभागृह एकदम "आ..." झालं. मीसुद्धा. चाळिशी उलटली माझी, पण एवढ्या चांदण्या मी बापाच्या खांद्यावर बसून डोंगरात पाहिल्या होत्या, त्यानंतर कधी नाही.

"सुरू झालं का रे?" आत्यानं विचारलं.

ती मान वर करून बसली होती आणि तिला काहीसुद्धा दिसत नव्हतं. मग मी तिच्या कानाशी समालोचन सुरू केलं. "आत्या, वर एकदम लखलखीत तारा आहे. तो ध्रुव."

"ध्रुव लखलखीत नसतो. कुठं हाये?"

"डोक्यावर. जरासा पूर्वेला."

"डोक्यावर ध्रुव? त्यो उत्तरंला खाली असतो. कुठं निघालास तू, भान्या?" आत्या म्हणाली. "त्यो गुरू असंल. तिकांडं बघ. तीन तारं एका वळीत, उगवतीकडून वर येत असतील."

पुढच्या रांगेतली दोन माणसं वळून हसली. तेवढ्यात मॅडमनी माइकवरून सांगितलं, "डोक्यावरचा हा तेजस्वी ग्रह म्हणजे गुरू." सुनंदानं अंधारात माझ्या पायावर पाय दिला. कशासाठी, ते विचारलं नाही.

खेळ संध्याकाळच्या आभाळाचा होता. सूर्य मावळला, रात्र चढली आणि दिवे लागले. पहाटेपर्यंत खेळ गेलाच नाही. हेही लक्षात ठेवा. याचा माझ्या बचावाशी संबंध नाही, पण पुढच्या गोष्टीशी आहे.

दिवे लागल्यावर गर्दी दाराकडं लोटली. पायऱ्या अंधाऱ्या. मी आत्याला म्हणालो, "गर्दी जाऊ दे, मी येतो तुला न्यायला. ही माझी पिशवी राख तोवर." पिशवी तिच्या मांडीवर दिली आणि ईश्वरीला शोधायला बाहेर आलो. ईश्वरी त्या कुजबुजणाऱ्या थाळीपाशी होती. मी दुसऱ्या थाळीपाशी जाईपर्यंत तिच्या जागी एक अनोळखी गृहस्थ आले होते, आणि पलीकडं ईश्वरीच आहे असं समजून मी त्यांच्या कानात म्हैस रेकते तसा आवाज काढला. त्यांची समजूत घालण्यात पाच मिनिटं गेली. मग सायकल मारली. मग भूक लागली.

बायकोला वाटलं, आत्या माझ्याबरोबर आहे. मला वाटलं, बायकोबरोबर. बाहेर झाडाखाली डबे सोडले.

तिसऱ्या पोळीवर हात असताना सुनंदा म्हणाली, "आत्याबाई हात धुवायला गेल्यात का?"

मी तारांगणाकडं पळालो, मागून सुनंदा आणि ईश्वरी. दाराला कुलूप. सुट्टी एक ते दोन. माझ्या घड्याळात एक चाळीस. शिपाईमामांनी दार लावताना आत नजर टाकली होती, पण काळ्या खुर्चीत काळ्या घोंगडीतली एवढीशी म्हातारी त्यांना दिसली नाही. मॅडम हातातला घास तसाच ठेवून किल्ली घेऊन आल्या. दार ठोठावलं, हाका मारल्या, आतून आवाज नाही. "मेन स्विच बंद आहे, आत पूर्ण अंधार असेल," त्या पुटपुटल्या, आणि मी मनातल्या मनात गावाकडच्या सगळ्या नातेवाइकांना तोंड कसं दाखवायचं याचा विचार करू लागलो. आठवडाभर मी त्या बाईला 'माझ्यावर भरवसा ठेव' म्हणून सांगत होतो.

दार उघडलं. आत पाऊल टाकलं आणि थांबलो. गार होतं. आतलं यंत्र बंद, हवा खेळवणारी मशिनं बंद, बाहेर दुपारचं ऊन — आणि आत पायाच्या बोटांना झोंबेल असा गारठा. उघड्या माळावर पहाटे असतो तसा.

"आत्या!" मी ओरडलो. "आत्या, आहेस ना?"

"हळू बोल," अंधारातून आवाज आला. "बुजतील."

मला विचारायचं होतं, कोण बुजतील? पण आधी ती धड दिसायला हवी होती. मागं मॅडम होत्या, त्यांनीही ते ऐकलं. मी मोबाइलची बॅटरी लावली. आत्या तशीच बसली होती, माझी पिशवी दोन्ही हातांनी धरून, मान वर, डोळे उघडे.

"इझव ते," ती म्हणाली. "चांगलं दिसू लागलं व्हतं."

"आत्या, माफ कर गं. तू हाक का नाही मारलीस? उठून दार कामून नाही वाजवलंस?"

"राख म्हणालास ना? दुसरं माणूस आल्याबिगर राखण सोडत नसतेत." हे तिनं असं सांगितलं जसं काही जगातलं प्रत्येक शेंबडं पोर हे जाणतं.

मी तिला उठवायला खांद्याला हात लावला. घोंगडी ओली होती.

माझ्या मनात काय आलं ते लिहीत नाही. तिला साखरेचा आजार आहे. मग वाटलं, पिशवीतली बाटली सांडली. बाटली काढली. झाकण घट्ट, काठोकाठ भरलेली. तेव्हा मात्र माझ्यातला तपासनीस जागा झाला. बॅटरी जवळ नेली. लोकरीच्या प्रत्येक केसाच्या टोकाला पाण्याचा बारीक मणी होता. हजारो मणी, सगळे चमकत होते. हात फिरवला तर वरची बाजू भिजलेली आणि आतली कोरडी, उबदार. शेजारची खुर्ची कोरडी. जमीन कोरडी. पाणी सांडलं तर असं सांडत नाही. लहानपणी मेंढरांपाशी निजून उठलं की घोंगडी अशीच असायची. दंवानं.

मॅडमनी बोट लावून पाहिलं. वर घुमटाकडं बॅटरी मारली. गार हवेची तोंडं लांब, भिंतीच्या कडेला होती. घुमटावरून पाण्याचा पाइप जात नाही, असं मामांनी सांगितलं. दुसऱ्या एखाद्या माणसानं इथं एक तर हात जोडले असते किंवा "काहीतरी गळत असेल" म्हणून विषय संपवला असता. मॅडमनी खिशातून वही काढली आणि वेळ लिहिली. मग आत्याच्या पायाशी बसल्या.

"आजी, काय दिसलं?"

"आभाळ."

"मगाशी खेळात होतं ते?"

"मगाशी मला काय दिसलं? हा बडबडत व्हता, तेवढंच. हे येगळं. हे पहाटंचं."

मी म्हणालो, "आत्या, तुला डुलकी लागली असेल..."

"राखणीला बसून निजले असते तर लांडग्यानं कवाच खाल्ली असती," आत्या म्हणाली.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "आजी, तुम्ही सगळं सांगा. ईश्वरी, तू लिहून घे. मी यंत्र नंतर लावते. आधी लावलं तर आपण सगळे नकळत जुळवून घेऊ."

बघा, म्हणजे एवढ्या घोळातही त्या पोरीचं डोकं कुठं होतं! मला आयुष्यात सुचलं नसतं.

आत्यानं सांगितलं. तिकांडं मावळतीला कललेलं. बाज — म्हणजे सप्तर्षी — उत्तरेच्या अंगाला वर चढलेली. उगवतीला शुक्राची चांदणी, मोठी, कंदिलासारखी. तिच्या वर हातभर चंद्राची बारीक कोर, आणि कोरेच्याही वर एक पांढरी चांदणी. "चितरा. कोर तिला नुकती सोडून खाली आलेली."

"कोणत्या दिवसाची पहाट, आजी? जुनी? तुमच्या तरुणपणातली?"

"न्हाय. ही येणारी. उद्याची."

मॅडमनी मेन स्विच टाकला. यंत्र सुरू व्हायला सहा-सात मिनिटं लागली. तेवढ्या वेळात कुणी बोललं नाही, मीसुद्धा नाही. सुनंदानं नंतर ही वेगळी अद्भुत घटना म्हणून नोंदवली आहे. मग घुमटावर उद्याची तारीख, पहाटे साडेपाच.

तिकांडं मावळतीला. बाज वर. उगवतीला शुक्र, त्यावर कोर, त्यावर चित्रा.

ईश्वरीनं वही माझ्या हातात दिली आणि माझा हात धरून ठेवला.

आता तुम्ही म्हणाल तेच मीही म्हणालो, तिथल्या तिथं. चाळीस वर्षं पहाटे आभाळ पाहिलेल्या बाईला या दिवसांतलं तिकांडं आणि बाज पाठ असणारच. तिथी मोजून चंद्रही सांगता येतो. मॅडमनी मान डोलावली. "पण शुक्र?" त्या म्हणाल्या. "तो दरवर्षी जागा बदलतो. आठ वर्षांनी साधारण त्याच जागी येतो."

"आठ वर्षांपूर्वी पाहिला असशील, आत्या."

"आठ सालामागं मेंढरं कुठं व्हती? इकून टाकलेली. घरात निजत व्हते, पत्र्याखाली." थोड्या वेळानं ती हळूच म्हणाली, "शुक्र सांजंला हाये का पहाटंला, मला मालूमच नव्हतं. तीन साल झाले, कुणाला इच्यारलंबी नाय. इच्यारून काय करू?"

मग तिनं मॅडमच्या आवाजाकडं तोंड वळवलं. "पोरी, तू शिकलेली. मी पाह्यलं ते खरं का खोटं?"

मला वाटलं, मॅडम गोड काहीतरी बोलतील. माझ्यासारख्यानं तर "खरंच आजी, देवाची कृपा" म्हणून त्याला ऑपरेशनही जोडून दिलं असतं. मॅडमनी वही मिटली.

"मला माहीत नाही, आजी," त्या म्हणाल्या. "खोटं सांगणार नाही. मला हे सांगता येत नाही. तपासायचं तर एकच रस्ता आहे. उद्या पहाटे खरं आभाळ बघायचं."

"आन् मला दिसत नाय."

"हो."

आत्या उठून उभी राहिली. घोंगडी झटकली. पाण्याचा शिडकावा माझ्या तोंडावर आला. गार होता. वासही होता त्याला, मेंढरांच्या ओल्या लोकरीचा. पण ती घोंगडी मेंढराचीच, त्यामुळं तो मुद्दा मी सोडून देतो.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला आम्ही सिडकोतल्या आमच्या गच्चीवर. मी कानटोपी घालून, ईश्वरी वही घेऊन. आत्या स्वतःच उगवतीला तोंड करून उभी राहिली.

"हाये का?"

"आहे, आत्या." आणि होतं. रस्त्यावरच्या दिव्यांनी बाकी सगळं पुसलं होतं, पण शुक्र आणि त्याच्या वरची कोर दिसत होती. मी पाहिलं. माझ्या अंगावर काटा आला.

"आन् चितरा?"

मी शोधली. एक पांढरा ठिपका दिसला. "ती बघ, आहे! जरा हलतेय."

"पप्पा," ईश्वरी म्हणाली, "ते विमान आहे."

आत्यानं एक लांब श्वास सोडला. "सुनंदा," तिनं हाक मारली, "उद्या किती वाजता नेणार दवाखान्यात? ह्याच्या डोळ्याच्या भरवशावर मला ही गोष्ट सोडता यायची नाय."

असं ते ठरलं. जे मला आठवडाभर समजावून जमलं नाही, ते एका पोरीच्या "मला माहीत नाही"नं जमलं. सोमवारी ऑपरेशन झालं. आत्यानं आत जाताना देवाचं नाव घेतलं नाही, "शुक्र अजून किती दिस पहाटंला हाये?" एवढंच विचारलं. मॅडमनी फोनवर सांगितलं की अजून बरेच आठवडे आहे, घाई नाही.

हे सगळं मी पुष्कळ जणांना सांगितलं. कारखान्यातला एक मित्र म्हणाला, गारठ्यानं ओल धरते. मग शेजारची खुर्ची का कोरडी? मॅडमनी पुढच्या शनिवारी सगळं बंद करून, तेवढाच वेळ, त्याच खुर्चीवर दुसरी लोकरीची चादर ठेवून पाहिली. कोरडी निघाली. त्यांनी तेही वहीत लिहिलं आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं. ते अजून तसंच आहे. "बुजतील" कोण, हे मी आत्याला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिनं माझ्याकडं असं तोंड केलं की तिसऱ्यांदा विचारलं नाही. स्पष्टीकरण माझ्यापाशी नाही. तुमच्यापाशी असेल तर सांगा, मी पित्ताच्या गोळ्या आधीच घेतल्या आहेत.

मंगळवारी सकाळी पट्टी काढली. नर्सबाईंनी डोळा पुसला, आत्याला हळूहळू उघडायला सांगितला. ती आधी खिडकीकडं वळली, मग स्वतःच्या हातांकडं, बोटं उलटीपालटी करून पाहिली. सुनंदाकडं बघून हसली. ईश्वरीचा गाल धरून तिला जवळ ओढलं, बराच वेळ बघत राहिली, डोळ्याला पाणी आलं तर नर्सबाई रागावल्या. मला राहवेना. मी सगळ्यांना बाजूला सारून पुढं झालो, तिच्या तोंडासमोर तोंड नेलं. "आत्या! मी भानुदास! दिसतोय का?"

आत्यानं मला कपाळापासून हनुवटीपर्यंत नीट न्याहाळलं. मग नर्सबाईंकडं मान वळवली.

"बाई, ती पट्टी बांधा परत."